ताम्हिणी, ते वळण आणि मी

सगळ्यात आधी एक कबुली देऊन टाकते. बाइक घेतल्यापासून बरोब्बर पाचव्या महिन्यात मी ती विकायला काढली होती. छान उन्हात उभी करून फोटो काढले, ऑनलाइन जाहिरात टाकली, वर ‘सिंगल लेडी ओनर’ असंही लिहिलं (भाव वाढतो म्हणे!). दोन दिवसांत एकजण बघायला आला, चक्कर मारून आला आणि टोकन द्यायला तयारही झाला. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, ‘वापर होत नाही हो.’

चक्क थाप होती. खरं कारण होतं एक वळण. ताम्हिणी घाटातलं, उताराचं, डावीकडे वळणारं.

पुण्यातल्या मुलीने दुचाकी चालवणं यात तशी काही बातमी नाही. चेहऱ्याला स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे आणि खाली गिअरलेस स्कूटर, हा आमचा इथला राष्ट्रीय पोशाख. मीही त्यातलीच. कॉलेजपासून नऊ वर्षं स्कूटरच चालवली. लक्ष्मी रोडची गर्दी, कर्वे रोडचे सिग्नल, पावसाळ्यातले खड्डे, सगळं पचवलं. पण गिअरची बाइक हे एक वेगळंच खूळ डोक्यात होतं. फ्रीलान्स पत्रकाराची मानधनं कशी येतात ते विचारू नका, पण तीन वर्षं थोडे थोडे साजूकपणे बाजूला काढले आणि सत्ताविसाव्या वाढदिवसाला दीडशे सीसीची बाइक दारात आणली. आई म्हणाली, ‘एवढ्या पैशात सोनं आलं असतं.’ आलं असतं, मान्य आहे.

क्लच, गिअर, चढावर गाडी बंद पडणं, मागच्या रिक्षावाल्याचे उद्गार... हे सगळं दीड महिन्यात संपलं. ऑफिसला, मुलाखतींना, नाटकांना, सगळीकडे बाइक. मला वाटलं, जमलं की! सरळ रस्त्यावर कुणालाही तसं वाटतं.

नोव्हेंबरातला रविवार

ताम्हिणीला जायचा प्लॅन ओळखीतल्या एका ग्रुपचा. नऊ बाइक, त्यात मुलगी मी एकटीच. सकाळी सहाला चांदणी चौक. (2022 च्या ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल स्फोटाने पाडला, तो बघायला अर्धं पुणं रात्री जागं होतं, आठवतंय? आता तिथे इतके रॅम्प आहेत की पहिली परीक्षा तिथेच होते.) तिथून भूगाव, पिरंगुटचा छोटा घाट, पौड. पौडपर्यंत शहर तुमचा पाठलाग करत असतं. प्लॉटिंगचे बोर्ड, वीकेंड होम्सच्या कमानी, मिसळीची दुकानं. मग मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि रस्ता एकदम गप्प होतो.

हे पाणी बघून सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण या पाण्याखाली गावं आहेत. धरणासाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा इथल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालंच. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी बांधलेलं. पूर्वेला वाहणारं हे पाणी डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवलं जातं. म्हणजे आपण ज्या उतारावरून मोठ्या हिमतीने बाइक घेऊन जातो, तोच उतार हे पाणी रोज, काही न बोलता उतरतं.

पाण्याच्या कडेकडेने रस्ता छान लहरी घेत जातो. मोठी, उघडी वळणं, पुढचं सगळं दिसतं. मी पाचव्या नंबरवर होते आणि जाम खूश होते. निवे गाव गेलं, झाडी दाट झाली, डावी-उजवी, डावी-उजवी. मग घाट सुरू झाला आणि रस्ता कोकणाकडे उतरायला लागला. पुढचे चौघे वेगात होते. आदल्या चहाच्या वेळी त्यातल्या एकाने माझ्या मागच्या टायरकडे बोट दाखवलं होतं. टायरच्या दोन्ही कडांना न घासलेली, नवी कोरी पट्टी राहिली होती. बाइकवाल्यांच्या भाषेत तिला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात. म्हणजे तुम्ही गाडी वाकवायला घाबरता. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं डोक्यात घेऊन मी घाट उतरत होते.

आणि मग ते वळण आलं. सुरुवातीला साधं वाटणारं. डावीकडे डोंगराची भिंत, त्यामुळे पुढचं दिसत नाही. आत शिरल्यावर कळतं की ते आवळत जातंय. माझा स्पीड पन्नासच्या आसपास असावा. डोंगराची भिंत सरकली आणि समोर काळा-पांढरा कठडा दिसला. कठड्यापलीकडे काही नाही. नुसती हवा.

मी कठड्याकडे बघितलं. बघतच राहिले. दोन्ही ब्रेक आवळले. झुकलेली गाडी ताडकन सरळ उभी राहिली आणि सरळ निघाली. सरळ म्हणजे उजवीकडच्या लेनमध्ये. खालून एक टेम्पो येत होता. त्याचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. त्याने गाडी डोंगराच्या बाजूला काढली, मी कठड्याच्या अलीकडे खडीत थांबले आणि थांबल्यावर, अगदी शून्य स्पीडला, बाइकसकट आडवी झाले. क्लचची लिव्हर तुटली, गुडघा सुजला. टेम्पोवाला खाली उतरला, गाडी उचलून दिली. एक शब्दही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर सांगितलं, पार्किंगमध्ये पडले.

त्यानंतर दोन महिने माझं काय चाललं होतं ते मलाच उशिरा कळलं. मी वळणं टाळत होते. युनिव्हर्सिटीकडे जायचं तर फ्लायओव्हरचा रॅम्प नको म्हणून खालून. चांदणी चौकातून बाहेर? छे. गोल चौकात पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, मागे हॉर्नची वरात. मग कव्हर घातलं. मग जाहिरात.

दोघांचं हाफ तिकीट

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका राहतात. एसटीत ड्रायव्हर होते, बराच काळ स्वारगेटवरून भोरमार्गे वरंधा घाटातून महाडला गाडी नेली. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि सकाळ-संध्याकाळ पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचतात. तो टोकनवाला येऊन गेला त्या दिवशी पेपर खाली न करताच म्हणाले, ‘काय गं, गाडी विकतेस म्हणे?’

‘वापर होत नाही काका.’

‘लिव्हर नवी दिसतीय.’

बस्स. पत्रकार मी आणि बातमी त्यांनी काढली. मी सगळं सांगून टाकलं, घरी न सांगितलेलं सुद्धा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘टेम्पो आला तेव्हा तू बघत कुठं होतीस?’ मी म्हटलं, कठड्याकडे. ‘मग गाडी तिकडंच जाणार. गाडीला काय ठाऊक, तुला कुठं जायचंय ते?’

पुढच्या बुधवारी ते मला घेऊन स्वारगेटला गेले आणि ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या एसटीत बसवलं. ड्रायव्हरच्या तिरकस मागची सीट मिळवली, ओळखीने. कंडक्टरने दोघांचीही हाफ तिकिटं फाडली. काकांचं ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि माझं, 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून. इतका स्वस्त रायडिंग कोर्स पुण्यात दुसरा नसेल!

काकांची शिकवायची पद्धत म्हणजे कोपराने ढोसणं. पहिला ढोसा पिरंगुटच्या घाटात. ‘हाताकडं बघू नको, पायाकडं बघ. अन् आवाज ऐक.’ मी ऐकायला लागले. प्रत्येक वळणाच्या आधी एसटीचा आवाज चढायचा. म्हणजे ड्रायव्हर वळणाच्या आधीच, गाडी सरळ असतानाच, ब्रेक मारून खालचा गिअर टाकत होता. वळणात शिरल्यावर त्याचा ब्रेकवरचा पाय जवळजवळ हलतच नव्हता. सगळी कामं दारातच उरकायची आणि मग आत जायचं, तसं काहीसं. मी नेमकी उलटी होते. वळणात शिरेपर्यंत सुसाट आणि आत गेल्यावर सगळी धावपळ.

दुसरा ढोसा मुळशीच्या कडेला. ‘रस्ता संपल्यासारखा वाटतो तिथं बघ. डावी कड अन् उजवी कड एकमेकींना भेटतात, तिथं.’ बाइकच्या इंग्रजी पुस्तकांत याला ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. फंडा असा की वळणाकडे जाताना तो भेटीचा बिंदू तुमच्याबरोबर पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. जागच्या जागी थांबून तुमच्या अंगावर येत असेल, तर ते आवळतंय आणि तुम्ही जास्त वेगात आहात. बस्स, एवढंच बघायचं. ‘अन् विजेच्या तारांवर विश्वास ठेवू नको,’ काका म्हणाले. ‘तारा सरळ जातात, रस्ता वळतो.’ पुढच्याच किलोमीटरला तसंच झालं. खांबांची रांग आरामात सरळ रानात गेली आणि रस्ता उजवीकडे.

घाट सुरू झाल्यावर मी त्यांना ते वळण दाखवलं. एसटीच्या सीटवरून ते एवढंसं वाटलं. ड्रायव्हरने त्याच्या आधीच गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आणली होती, हॉर्न दिला, आणि मग नजर, आधी नजर, मग मान, मग स्टिअरिंग. तो कठड्याकडे एकदाही बघत नव्हता. कठडा त्याच्या हिशोबातच नव्हता.

पुढे एका तीव्र वळणावर खालून एक बाइकवाला आला आणि आमच्या आतल्या बाजूला घुसायला लागला. काकांनी ‘च्च’ केलं. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे अशा वळणाला तिला आधी बाहेर जाऊन मग आत यावं लागतं. बाइकवाल्याला वाटतं, जागा सोडली. जागा सोडलेली नसते, ती मागच्या चाकांसाठी राखून ठेवलेली असते. समोर एसटी किंवा ट्रक दिसला तर वळणाच्या अलीकडे थांबा आणि त्याला जाऊ द्या. तेवढ्यासाठी कुणी तुम्हाला चिकन म्हणत असेल तर म्हणू दे.

चपला आणि जुना कात्रज

एसटी बघून बाइक येत नाही, हे काकांनाही माहीत होतं. ‘दोन चाकाचं मला विचारू नको,’ असं सांगून ते पेपरात गेले. मग धरली एक मैत्रीण. आयटीवाली, सात वर्षं बाइक चालवतेय. तिने रविवारी सकाळी सोसायटीमागच्या मैदानात मला बोलावलं. बरोबर घरातल्या सगळ्या जुन्या चपला आण म्हणाली. कोन म्हणून!

तिने मला सांगितलेली पहिली गोष्ट मी साफ धुडकावून लावली. ती म्हणाली, ‘डावीकडे वळायचंय ना? मग डावं हँडल पुढे ढकल.’ पण डावं हँडल पुढे ढकललं तर चाक उजवीकडे वळतं. म्हटलं, वेडी आहेस का? ‘करून बघ.’ तीसच्या स्पीडला हलकेच ढकललं आणि गाडी मऊपणे डावीकडे झुकली. उजवं ढकललं, उजवीकडे झुकली. वीस-पंचवीसच्या वर वेग असला की दुचाकी अशीच वळते. चाक क्षणभर उलट जातं, त्यामुळे गाडी हव्या त्या बाजूला कलते, आणि मग चाक आपोआप त्या बाजूला येतं. गंमत म्हणजे सायकल चालवणारा प्रत्येकजण हे नकळत करत असतो. विमानवाल्या राइट बंधूंचं मुळात सायकलचं दुकान होतं आणि त्यातल्या विल्बरच्या हे बरोबर लक्षात आलं होतं. मी नऊ वर्षं स्कूटरवर हेच करत होते. फक्त त्या वळणावर घाबरून दोन्ही हात ताठ केले आणि गाडीला वळायची वाटच बंद करून टाकली.

मग आठचा आकडा. आरटीओच्या ग्राऊंडवर एकदा काढून विसरून गेलेला. कोपरं सैल, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर पुढच्या चपलेवर नाही तर त्याच्या पुढच्या. मग ब्रेक. नव्या रायडरला पुढच्या ब्रेकची भीती असते, मलाही होती. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं खरं काम तोच करतो. एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा दाबत जायचा. आणि सरळ असताना. टायरकडे पकडीचा साठा ठरावीक असतो. तो वळण्यात खर्च करा किंवा थांबण्यात. दोन्हीकडे उधळलात तर खिसा रिकामा. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या बाइकला एबीएस सक्तीचं आहे, माझ्याही गाडीला आहे. पण साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, वेग जास्त झाला तर वळण मोठं करून देत नाही.

आता थोडं गणित. नका नाक मुरडू, मीही मास कॉमची आहे. 25 मीटर त्रिज्येचं एक वळण घ्या, घाटात अशी ढिगाने असतात. 30 च्या स्पीडने गेलात तर बाइक साधारण 16 अंश झुकवावी लागते. 40 ने गेलात तर 27 अंश. 50 ने गेलात तर 38! म्हणजे 30 वरून 40 म्हणताना आपल्याला वाटतं, दहाच तर वाढवले. पण टायरवरचा आडवा जोर तेवढ्यात पावणेदोन पट होतो. हा आकडा मी एका रात्री कागदावर काढला आणि बराच वेळ बघत बसले. त्या दिवशी मी पन्नासला होते. काही महिन्यांची रायडर, 38 अंश झुकायला तयार होती का? स्वप्नातही नाही. म्हणजे प्रश्न हिमतीचा नव्हताच. वळणात शिरायच्या आधीच मी चुकले होते.

त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. टोकनवाल्याला मेसेज केला, सॉरी, गाडी विकायची नाही.

मग पाच आठवडे जुना कात्रज घाट. बहुतेक अवजड ट्रॅफिक बायपासने जातं, त्यामुळे मधल्या वारी सकाळी जुन्या बोगद्यापर्यंतचा रस्ता त्यातल्या त्यात शांत असतो. (फ्रीलान्स असण्याचा हा एवढा एकच फायदा. ऑफिसवाल्यांनो, तुम्हाला रविवारी सहाला उठावं लागेल.) वर, बोगदा, परत खाली, परत वर. पहिल्या आठवड्यात पंचवीसच्या वर गेलेच नाही. दूधवाले ओव्हरटेक करत होते. मैत्रिणीने एक कसोटी दिली होती. वळण संपल्यावर ‘अजून थोडं जोरात चाललं असतं’ असं वाटलं तर वेग बरोबर. ‘वाचले बाई’ असं वाटलं तर चूक, मग भले वळण मस्त गेलेलं असो.

तिथेच लेनचं गणित कळलं. रेसिंगचे व्हिडिओ बघून पोरं बाहेरून आत, आतून बाहेर अशी लाइन घेतात. ट्रॅकवर ठीक आहे, तिथे समोरून टेम्पो येत नाही. आपल्या घाटात आपली अर्धीच बाजू आपली. आणि उजव्या वळणावर एक छुपी गोची आहे. टायर मधल्या रेषेच्या आत असतात, पण गाडी उजवीकडे झुकली की डोकं आणि हँडल रेषेच्या पलीकडे, म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये. म्हणून उजव्या वळणाला रेषेपासून चांगलं लांब राहायचं. पण अगदी डाव्या कडेलाही नाही, कारण तिथे खडी, माती, ओली पानं. डाव्या वळणाला घाई करून आत घुसायचं नाही. पुढचं दिसेपर्यंत जरा बाहेर, पण आपल्याच बाजूला राहायचं, दिसलं की आत. आत लवकर घुसलात की शेवटी गाडी बाहेर फेकली जाते. माझ्या वळणाचा अर्धा इतिहास याच एका वाक्यात आहे.

एकदा तिथेच सांडलेल्या डिझेलवर मागचं चाक घसरलं. टीचभर. पोटात गोळा आला, पण हात ताठ झाले नाहीत, ॲक्सिलरेटर होता तसा राहिला आणि गाडी स्वतःच सावरली. बोगद्याच्या तोंडाशी थांबून दहा मिनिटं पाणी पीत बसले. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं. एकदा व्हायलाच पाहिजे होतं.’

पुन्हा ताम्हिणी

मार्चमधल्या एका मंगळवारी गेले. एकटी नाही, एवढी शूर मी नाही. मैत्रिणीने रजा टाकली आणि माझ्या मागे राहिली. पुढे नको म्हटलं, पुढे कुणी असलं की मी त्याच्या वेगाने जाते. निघण्याआधी टायरची हवा, चेन, दोन्ही ब्रेक बघितले. आईला यावेळी खरं सांगितलं, कुठे चाललेय ते आणि नोव्हेंबरात काय झालं होतं तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डबा भरून दिला.

पावसाळ्यात ताम्हिणी बघितली असेल तर मार्चमधली ओळखू येणार नाही. धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ. रस्त्यात टॉवेल गुंडाळून नाचणारी गर्दी नाही, भुट्टेवाले नाहीत, धुकं नाही. गवत पिवळं, आणि मधूनच पेटल्यासारखा पळस. देवराईच्या झाडीत मात्र अजून हिरवा गारवा, तिथून जाताना हेल्मेटच्या आतसुद्धा तापमान बदललेलं कळतं. ऊन-सावलीच्या पट्ट्यांत खड्डा आणि सावली यांतला फरक पटकन कळत नाही, तेवढं सांभाळायचं. मला हा घाट आता असाच आवडतो. रस्ता दिसतो, त्याची हाडं दिसतात.

प्लस व्हॅलीच्या वर थांबलो. खाली दरीचा अधिकचा आकार, दोन्हीकडे ताशीव कडे. मैत्रिणीने विचारलं, ‘ते कुठलं तुझं?’ म्हटलं, पुढे आहे. तोंड कोरडं पडलं होतं. पाच आठवडे कात्रज केलं, गणित केलं, चपला रचल्या, पण पोटाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

उतार सुरू झाला. दुसरा गिअर. (घाटात गाडी न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. तसं करू नका. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, तो फुकटचा ब्रेक कशाला घालवायचा?) एक वळण, दुसरं, तिसरं. मग ती डोंगराची भिंत ओळखीची वाटली. सरळ असतानाच ब्रेक, तीस, हॉर्न, मान वळवली...

आणि समोर म्हशी.

सात-आठ म्हशी, रस्ताभर, शांतपणे रवंथ करत. मागे काठीवाली एक आजी. थांबले. सहज थांबले, आपल्याच लेनमध्ये, पाय टेकून. आजीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘दम धर बाई, जातील.’ हसू आवरेना. चार महिने ज्या क्षणाची रंगीत तालीम केली, त्यात म्हशी नव्हत्याच! आणि मग डोक्यात आलं, नोव्हेंबरात त्या पन्नासच्या वेगाने आले असते आणि टेम्पोच्या जागी या असत्या तर? हसू गेलं.

म्हशी गेल्या. पण थांबून मग निघून काढलेलं वळण काही खरं नव्हे. पुढे रुंद जागा बघून गाडी वळवली, वर चढले, पुन्हा उतरले. मैत्रीण कपाळाला हात लावून वरच थांबली होती.

सरळ असतानाच वेग कमी. हॉर्न. बाहेर राहिले. कडा जिथे भेटतात तिथे नजर. तो बिंदू थांबला, अंगावर यायला लागला, म्हणजे आता आवळणार. माहीत होतं. डावं हँडल हलकं ढकललं, अजून थोडं. डोंगर सरकला. काळा-पांढरा कठडा उजवीकडून गेला, असा नुसता डोळ्याच्या कोपऱ्यात. मग बिंदू पुढे पळायला लागला, ॲक्सिलरेटर थोडा उघडला आणि गाडी उभी राहिली. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. कुणी बघत असतं तर त्याला काहीच घडलेलं दिसलं नसतं.

खाली विळ्याला टपरीवर चहा घेतला. कोकणातला उकाडा जॅकेटमध्ये शिरला होता. सरळ गेलं की माणगाव, मुंबई-गोवा हायवे. मागचा टायर बघितला. न घासलेली पट्टी थोडी बारीक झालीय, पण आहे. राहू दे.

काकांना फोन लावला.

‘उतरलीस का?’

‘उतरले काका. दोनदा.’

‘दोनदा कशाला?’

‘म्हशी होत्या.’

‘असतातच त्या तिथं. कुठल्या गिअरात उतरलीस?’

‘दुसऱ्या.’

‘मग दुसऱ्यातच चढायचं. अन् आता ते वळण तुला उजवं लागंल, रेघेपासनं लांब राहा. चहा संपव अन् निघ, अंधाराच्या आत वर ये.’